दुसरी खूण

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. गेल्या जूनमध्ये, नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये, भर दुपारी. माझ्या मावसबहिणीच्या, विनयाताईच्या घरी.

तिचे यजमान पद्माकर अंटार्क्टिकाच्या तळावर इंजिनीअर. तिकडे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही. माणसं वाचून वाचून डोकं ताळ्यावर ठेवतात. पुस्तकं मोजकीच, म्हणून पुरवून पुरवून वाचायची.

दोघांनी एकाच जाडजूड कादंबरीच्या दोन प्रती घेतल्या. एक तिकडे, एक इकडे. रोज चारच पानं. वाचून थांबलं, की तिथे शिसपेन्सिलीने बरोबरची खूण.

"पुढचं वाचलंस तर याद राख हं!" पद्माकर फोनवर दटावायचे.

मेअखेरीस ते झोपेतच गेले. हार्ट अटॅक.

हिवाळ्यात तिकडे विमान उतरत नाही. देह नोव्हेंबरपर्यंत बर्फातच राहणार होता. त्या दिवशीची पानं ताईने वाचली होती. त्यांची राहिली.

तिने पुस्तक मिटलं ते मिटलंच.

त्या दुपारी बाहेर नुसती लू भाजत होती. लाइट गेलेली. पंखा बंद. खिडक्या बंद.

आणि तरी...

पान उलटल्याचा आवाज आला.

ताईने पुस्तक उचललं. फ्रिजमधून काढल्यासारखं गार! उघडलं...

तिच्या शेवटच्या खुणेशेजारी दुसरी खूण होती.

"वल्लरी, तू केलीस?"

"कसम से, आई, मी हातसुद्धा नाही लावला!" लेकीला रडूच फुटलं.

ताई घाबरली नाही हो. "माझ्यासाठी थांबलेत गं," म्हणाली, आणि पुढची चार पानं वाचून खूण केली.

संध्याकाळी शेजारी दुसरी उमटली.

मग रोजच...

नोव्हेंबरमध्ये पेटी आली. अंत्यसंस्कार झाले. कादंबरीची चारच पानं उरली होती.

वल्लरीने हात जोडले. "आई, वाचून संपव ना. बाबांना जाऊ दे आता."

ताईने ती पानं वाचली नाहीत. कपाटातून नवी कादंबरी काढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

संध्याकाळी...

दुसरी खूण होती.

परवा गेलो होतो. ताई शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसली होती. वल्लरी माझ्याशी धड बोललीही नाही. निघताना ताई म्हणाली, "पुढच्या खेपेला एखादं पुस्तक आण रे. जाडसं बघ."

दुकानापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आलो.

घ्यावं की नाही, काही सुचत नाही हो...