तिरफळ ओळखणारे मासे

टस्किन नदीवरच्या मोजणी-कक्षात जयवंत कुबल पडद्यासमोर बसला होता आणि पडद्यावर शून्य होते. नदीला आडवा घातलेला बांध होता आणि त्याला माशांपुरती एक फट ठेवलेली होती. समुद्रातून परतलेला सॅमन त्या फटीतून वर गेला की पाण्यातला कॅमेरा त्याला मोजायचा. हंगाम सुरू होऊन आठवडा उलटला तरी एकही मासा वर गेला नव्हता.

मासे आले नव्हते असे नाही. खाली नदीच्या मुखाशी ध्वनिवेधकावर त्यांचा मोठा ढग दिसत होता. पत्ता चुकलेल्या वऱ्हाडासारखे ते तिथेच गोल फिरत होते.

आयव्हर लुंड बूट आपटत आत आला. जाळ्यांच्या बोटींच्या सहकारी संस्थेचा तो अध्यक्ष. त्याच्या हातात एक मोठा मासा होता.

"शेजारच्या नदीतला आहे, खा," तो म्हणाला. "आणि डॉक्टर, रविवार जवळ आला. नियम तुमचाच आहे."

नियम जयवंतनेच लिहिला होता. पुरेसे मासे अंडी घालायला वर जाईपर्यंत जाळी पाण्यात पडायची नाहीत. पण रविवारपर्यंत नदीत कोणीच शिरले नाही, तर ते मासे मुखाशीच मरून वाया जाणार हे धरून सगळे जाळ्यांना द्यायचे. त्यावर सही जयवंतची लागत होती.

सही झाली की या नदीचा सॅमन संपला. तो पुन्हा उभा करण्यात जयवंतने आणि त्याच्या बायकोने, रश्मीने, उमेदीची वर्षे घातली होती. रश्मीला जाऊन तीन हिवाळे झाले होते. मुखाशी फिरत होते ते मासे तिने स्वतःच्या हाताने चारा घालून समुद्रात सोडलेले. शेवटचे.

"वाट बघू," जयवंत म्हणाला.

"तुम्ही बघा. माझी पोरं जाळी शिवून शिवून आता एकमेकांना शिवायला निघालीत," लुंड म्हणाला आणि हसत गेला.

कोपऱ्यात रश्मीची धाकटी बहीण वीणा बसली होती. ती मुंबईच्या एका अत्तराच्या कारखान्यात गंध-रसायनज्ञ होती. सुट्टी काढून परवाच आली होती, आणि जयवंतच्या फ्रीजमध्ये नुसते पाव पाहून तिने कपाळाला हात लावला होता.

"भावोजी, मला एकदा नीट सांगा. मासा घर ओळखतो कसं?"

"वासाने. पिल्लू समुद्राला निघायच्या आधी थोडे दिवस असे येतात, की त्याचा मेंदू मेणासारखा असतो. तेव्हा भोवतीच्या पाण्याचा जो वास असेल तो त्यात उमटतो. त्याला आम्ही गंधठसा म्हणतो. मग वर्षानुवर्षं समुद्रात भटकलं तरी तो वास आला की ते वळतं."

"आणि ही बाटली?" वीणाने टेबलावरची बाटली उचलली.

"हाक-अर्क. जगात कुठल्याच नदीत नसलेला वास. इथला मूळ सॅमन संपल्यावर आम्ही बाहेरून अंडी आणली. पिल्लं दुसऱ्या नदीत शिरू नयेत म्हणून त्या दिवसांत संगोपन-टाक्यांच्या पाण्यात हा अर्क थेंब थेंब सोडला. आता तोच नदीत सोडतोय. पण ते ढिम्म."

वीणाने बाटली नाकाखाली धरली. "अर्क चांगला आहे. मग तेव्हा पाण्यात आणखी काहीतरी होतं."

"काही नव्हतं. पाणी तीनदा गाळलेलं. तुझी ताई तिथे कोणाला साबणानं हातसुद्धा धुऊ द्यायची नाही."

"तरी होतं. वासांची बेरीज होत नाही, भावोजी. चंदनात कापूर घातला की नाकाला दोन वास येत नाहीत, तिसराच येतो. मग त्यातून कापूर काढा, तो तिसरा गेला. चंदन शिल्लक असून उपयोग नाही. तुमच्या माशांचं तसं झालंय. तुम्ही त्यांना एक अक्षर दाखवताय, ते पूर्ण नाव शोधतायत."

जयवंतने खूप डोके चालवले. गाळण्या, पाइप, टाक्यांचा रंग. काहीच जुळेना.

"आधी जेवू या," वीणा म्हणाली. "उपाशी माणसाला काही सुचत नाही."

कक्षामागच्या घरात जाऊन तिने लुंडच्या माशाची आमटी केली. ओले खोबरे नव्हते, सुके वाटले. बॅगेतून उग्र वासाच्या तिरफळांची पुडी काढली, ती भिजवून किंचित ठेचली आणि आमटीत सोडली.

"सॅमनला तिरफळ?" जयवंतने विचारले.

"बांगड्याला लागतं ना? हा तर बांगड्याचा थोरला भाऊ. बघा तेल किती सुटलंय."

पहिल्या घासाला जयवंत थांबला. ही रश्मीच्या हातची चव; ती गेल्यापासून तीन वर्षांत त्याने ती घेतली नव्हती, मुद्दामच. मग तो जेवला, पोटभर जेवला. मालवणात करतात तशी दोघांनी तिरफळे चोखून ताटाच्या कडेला लावली.

"भांडी सिंकमध्ये ठेव," तो म्हणाला.

"माशाची भांडी? घरात?" वीणाने त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याने चपला घालून देवघरात पाय ठेवला होता. भांडी उचलून ती मागल्या दाराने बाहेर गेली.

मागे एक नळ होता आणि खाली सपाट दगड. तो दगड रश्मीने आणून ठेवला होता. वीणाने ताटे त्यावर उपडी केली, तिरफळे दगडावर रगडली गेली, आणि पाणी उतारावरून शेजारच्या चरात गेले.

जयवंत दारात उभा राहून त्या पाण्याकडे बघत होता. चर संगोपन-टाक्यांना पाणी पुरवत होता आणि पुढे नदीला मिळत होता. गाळण्या वरच्या अंगाला होत्या. दगड खालच्या अंगाला होता.

"वीणा, थांब!"

ती दचकली. "काय झालं?"

"नको, थांबू नकोस. घास. आणखी घास!"

वीणाने चराकडे पाहिले, टाक्यांकडे पाहिले आणि तिला हसू फुटले. "ताई साबण लावू द्यायची नाही म्हणे! आणि स्वतः? माशाची भांडी मागीलदारी!"

जेवणापुरती थोडी तिरफळे मागे ठेवून उरलेली पुडी त्यांनी बादलीत कुटून चरात ओतली. तासाभराने पडद्यावरचे शून्य गेले. एक झाला, मग पाच, मग आकडा वाचायला वेळ मिळेना. रेडिओवर लुंड ओरडत होता, "डॉक्टर, काय टाकलंत पाण्यात? मासे माझ्या बोटीखालून धावत सुटलेत!"

शनिवारपर्यंत हवे तितके मासे वर गेले होते. त्यातले निम्मे चराच्या तोंडाशी, स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर, धक्काबुक्की करत होते. जयवंतने जाळी पाण्यात टाकायच्या परवानगीवर सही केली. लुंड आपली माणसे घेऊन जेवायला आला आणि पहिल्याच घासाला त्याने अख्खे तिरफळ चावले.

"माझी जीभ कुठे गेली?"

"अहो, ते खायचं नसतं!" वीणा म्हणाली.

जीभ परत आल्यावर लुंड खुशीत म्हणाला, "आता काळजी मिटली. पोतंभर मागवतो. प्रत्येक जाळ्याला एकेक पुरचुंडी. मासे आपणहून आत येतील."

सगळे हसले. जयवंतचा हात ताटातच राहिला.

"येतील," तो म्हणाला. "सगळे येतील. वर एकही जाणार नाही. आयव्हर, ज्या वासाची पुडी बांधता येते, त्या वासाचा मासा फार दिवस टिकत नाही. माझा अर्कही तसलाच."

लुंड मूर्ख नव्हता. "मग?"

"वसंतात रेतीतल्या अंड्यांतून पिल्लं वर येतील तेव्हापासून ती समुद्राला निघेपर्यंत या पाण्यात कोणी काहीही घालायचं नाही. अर्क नाही, तिरफळ नाही. त्यांना नदीच कळू दे. ती कोणाला पुडीत बांधता येत नाही."

वीणा हळूच म्हणाली, "म्हणजे ताईचा वास यांच्यापुरताच."

"अंडी घातली की हे मासे मरतात," जयवंत म्हणाला. "हो. यांच्यापुरताच."

मग त्याने वीणापुढे ताट सरकवले. "अजून वाढ. हे मासे आहेत तोवर रोज कर."

वसंतात त्याने मागचा नळ स्वतः काढला. दगड घासून घेतला आणि घरात नेला. सिंकमध्ये माशाची भांडी घासताना त्याला अगदी अपराधी वाटले, आणि फोनवर वीणाने त्याची यथेच्छ टिंगल केली.

एका दुपारी रेती हलली. नखाएवढी पिल्ले शेकड्यांनी वर आली आणि प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली. जयवंत गुडघ्यांवर बसला. ओंजळीत पाणी घेऊन त्याने लांब श्वास घेतला. त्याला कसलाच वास आला नाही. त्याला हसू आले. त्याने पाणी सांभाळून परत नदीत सोडले, आणि पिल्ले होती तशीच, नाके वर करून, शिकत राहिली.