खालच्या पट्टीतला आकडा

"अहो बाई, तुमचा संगणक माझी वाक्यं खातोय!"

संस्थेच्या प्रबंध विभागात एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नसे. तिनं मान वर केली. खिडकीजवळच्या संगणकासमोर एक उंच, किडकिडीत माणूस दोन्ही हात हवेत धरून बसला होता, चटका बसल्यासारखा. त्याच्या स्वेटरवर धुक्याचे बारीक थेंब अजून तसेच होते.

जमा होणाऱ्या प्रबंधांची मांडणी तपासणं हे तिचं काम. पानाचा समास केसभर चुकला तरी ती प्रबंध परत पाठवायची, म्हणून विद्यार्थी तिला पाठीमागे 'समासबाई' म्हणत.

"झालं काय?" ती उठून त्याच्याजवळ गेली.

"मधे एक शब्द घालायला जातो, तर पुढचा गायब! 'दाट' लिहिलं की 'धुकं' विरलंच म्हणून समजा."

"ओव्हरटाइप चालू राहिलंय. नवं अक्षर जुन्यावर चढून बसतं." तिनं ते बंद केलं. मग पडद्याच्या अगदी तळाशी असलेल्या पट्टीवर माउसचं उजवं बटण दाबलं. लांबलचक यादी वर आली... पान, शब्दसंख्या, भाषा, झूम. तिनं त्यात 'ओव्हरटाइप'पुढे खूण केली. "आता चालू-बंद काय आहे ते इथं दिसेल. या पट्टीकडे बघत जा. सगळं सांगत असते ती, फक्त आपण बघायला हवं."

"तुमच्यासारखीच दिसतेय," तो म्हणाला.

तिचे कान गरम झाले. ती झटकन म्हणाली, "शब्दमर्यादा पन्नास हजार आहे, माहीत आहे ना?"

"हे काय, पन्नास हजार दोनशे. दोनशे शब्द तर चहा पिता पिता उडवतो!"

तिनं पट्टीतल्या आकड्यावर क्लिक केलं, उघडलेल्या चौकटीत 'तळटीपा धरून' याला खूण केली. आकडा उडी मारून अठ्ठावन्न हजार सहाशेवर गेला.

"हे... कुणाचे?"

"तुमचेच. मर्यादा तळटीपांसकट असते."

तो आधी आकड्याकडे बघत राहिला आणि मग इतका मोकळा हसला, की तिलाही हसू आलं.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी तीनला येऊ लागला. धुक्यातल्या थेंबांचे आकार मोजण्यात त्याची पाच वर्षं गेली होती, आणि त्यातलं एकही वाक्य सोडायला तो तयार नसे. ती एखादा परिच्छेद निवडायची. एकूण शब्दांपैकी त्यात किती, ते पट्टीत उमटायचं.

"एकशे बारा. साठात होईल."

"निर्दयी आहेस."

"समासबाई आहे मी."

"म्हणजे... तुला माहीत आहे?"

"मीच काय, काकूंनाही माहीत आहे."

पलीकडच्या टेबलावर नोंदी करणाऱ्या काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "धुक्यात एवढं हसण्यासारखं काय असतं गं? आम्हालाही कळू दे की."

दूरच्या भूशिरावरच्या धुक्याच्या निरीक्षण केंद्रात त्याची निवड झाली होती. तीन वर्षांचं काम. प्रबंध जमा करून पुढच्या एक तारखेला तरी निघायचं, नाहीतर सहा महिन्यांनी. आत्ता तो गेला नाही, तर यादीतला दुसरा जाणार होता. "सहा महिन्यांनीच जाईन म्हणतो," तो एकदा सहज म्हणाला होता, आणि तिच्याकडे बघत थांबला होता. तिनं मान खाली घालून पुढचा परिच्छेद निवडला होता.

आकडा उतरत गेला. चोपन्न हजार... बावन्न... एक्कावन्न. आकडे जिथल्या तिथं आले की तिला आजवर बरं वाटत आलं होतं. हा एकच तिला आवडेनासा झाला. तो पन्नास हजारांवर आला की तीन वाजता दार उघडायचं काही कारण उरणार नव्हतं.

एका सोमवारी तो यायच्या आधी तिनं पट्टीवर उजवं बटण दाबलं आणि 'शब्दसंख्या'पुढची खूण काढून टाकली.

"आकडा कुठं गेला?" त्यानं आल्या आल्या विचारलं.

"काढला." खरं कारण ओठांपर्यंत आलं, पण आवाज भलताच कोरडा निघाला. "सारखं सारखं काय बघायचं ते!"

"बरं," तो म्हणाला. त्या दिवशी तो लवकर गेला. मंगळवारी आला नाही, बुधवारीही नाही.

गुरुवारी आला तो छापलेला प्रबंध घेऊनच. "एकोणपन्नास हजार नऊशे. घरीच मोजले." मग टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "केंद्राच्या कागदावर सही केली. एक तारखेला निघतोय."

"पण तू तर सहा महिन्यांनी..."

"तुला काही विचारायचं होतं, म्हणून. पण इतकी नेमकी मुलगी मोजणंच सोडून देते, म्हणजे कंटाळली असणार. म्हटलं, आपण समजून घ्यावं."



"तो आकडा कमी होताना बघवत नव्हता रे."

काकूंनी वही मिटली आणि न बोलता बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"मी आत्ताच्या आत्ता सांगतो त्यांना," तो भराभरा बोलू लागला. "नाही जात म्हणून..."

"तिथं आत्ता कोण आहे?"

तो अडखळला. "एक दादा आहेत. सोळा महिने घरी गेलेले नाहीत, बदली माणूस आल्याशिवाय निघता येत नाही. मुलगी झालीय त्यांना, अजून पाहिलेली नाही."

"तू येतोयस हे कळलंय त्यांना?"

"काल फोन केला मी. रडत होते."

"आणि यादीतला दुसरा?"

"माझी सही झाल्यावर त्यानं दुसरीकडे होकार दिला." त्यानं प्रबंध बाजूला सारला. "तू थांब म्हण. मी थांबतो."

तो खरंच थांबला असता. तिला ते स्वच्छ दिसत होतं. आणि न पाहिलेली ती तान्ही मुलगीही दिसत होती.

"म्हणून तर म्हणत नाही."

"तीन वर्षं वाट बघ, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"नकोच सांगूस. बघायची की नाही, ते माझं मी ठरवेन."

"मग एवढं तरी सांग..." त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "आहे ना? तुझं माझ्यावर... आहे?"

"आहे," ती म्हणाली. "जा आता. नाहीतर मी थांब म्हणेन."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि निम्म्यावर थांबली. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. एक शब्द. दारापर्यंत जाऊन फक्त एक शब्द...

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पावलं पुन्हा, सावकाश, खाली उतरू लागली.