नात्यातलं रक्त चालत नाही

“अहो, जरा इकडे येता का? नाजूक काम आहे.”

रक्तपेढीच्या दारात ही हाक कानावर पडली तेव्हा ती भांडायच्या तयारीतच आली होती. वॉर्डातल्या एका मुलीसाठी सकाळी प्लेटलेट्स मागवल्या होत्या आणि दुपार झाली तरी खालून नुसतं ‘पाठवतो, पाठवतो’ चाललं होतं. तंत्रज्ञ जागेवर नव्हता. खोलीत एकच माणूस होता. आरामखुर्चीत आडवा पडलेला, दोन्ही हातांत नळ्या, शेजारी मशीन घरघरतंय... आणि चेहरा असा, की आता हा रडणार की हसणार ते सांगता येऊ नये.

“काय होतंय? गरगरतंय का?” तिने विचारलं.

“नाही हो. नाक खाजतंय. मघापासून जीव चाललाय. हात तर दोन्ही तुमच्याकडे जप्त झालेत.”

डॉक्टरकीची इतकी वर्षं घोकंपट्टी केली, पण हा आजार तिला कुणी शिकवला नव्हता. तिने हातमोजा चढवला आणि एका बोटाने त्याचं नाक खाजवलं. तो डोळे मिटून सूचना देत राहिला. जरा डावीकडे... वर... हां, बस. मग त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि त्या डोळ्यांत इतकी निखळ कृतज्ञता होती, की तिला भांडायचं होतं हेच ती विसरून गेली. तसंही भांडण्यात अर्थ नव्हता. ज्या प्लेटलेट्ससाठी ती आली होती, त्याच त्याच्या अंगातून थेंबथेंब पिशवीत उतरत होत्या.

प्रेमाने कुठून सुरुवात करावी याला काही धरबंध नसतो, हेच खरं.

तो गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि त्याने घोळ घातला की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा. “दुसऱ्याच्या चुकीवर ब्रेक मारणं हा माझा धंदा,” तो म्हणाला. तिने सांगितलं की ती लहान मुलांच्या रक्ताचे आजार आणि कॅन्सर यांची डॉक्टर आहे, म्हणजे होते आहे, शेवटचं वर्ष चालू आहे. आधी साधी डॉक्टरकी झाली, मग मुलांची डॉक्टर झाली, आता हे.

“म्हणजे अजून शिकाऊच,” तो म्हणाला. “मग तुमच्या शेजारी ब्रेकवर कोण बसतं?”

ब्रेकवर मोठ्या मॅडम बसायच्या. त्या विभागाच्या प्रमुख होत्या. आवाज कधी चढायचा नाही, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की भलेभले गार पडत. हे ती त्याला का सांगत बसली, कुणास ठाऊक. पिशवी भरली, तंत्रज्ञ परत आला, तरी ती तिथेच. वरून दोनदा फोन आला तेव्हा कुठे भानावर आली.

मग पंधरवड्याला एक दुपार ठरूनच गेली. तो यायचा, खुर्चीत आडवा व्हायचा, आणि तिला नेमकं त्याच वेळी रक्तपेढीत काहीतरी काम निघायचं. तंत्रज्ञ गालात हसायचा. बाहेर पावसाची भुरभुर चालू असायची, खिडकीची काच धुरकट व्हायची, आणि ती स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसायची. एकदा तो म्हणाला, “ओठांना मुंग्या येतायत.”

“ते मशीनमधल्या औषधामुळे. कॅल्शियम उतरतं. ही गोळी चघळा.”

“असं होय... मला वाटलं तुम्ही आलात म्हणून.”

ती हसली नाही. पण एक गोळी पुरेशी असताना तिने दुसरीही सोलून त्याच्या ओठांशी धरली. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिच्या आईचा रोज फोन यायचा, केस पिकल्यावर लग्न करणार आहेस का म्हणून. त्या आठवड्यात पहिल्यांदा ती आईवर खेकसली नाही, नुसतं ‘बघू’ म्हणाली. आई काय ते समजली.

वर वॉर्डात चिमटी होती. सहा वर्षांची, काडीसारखी, सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला करकचून चिमटा काढणारी, म्हणून तिचं हे नाव. तिच्या हाडांतल्या मॅरोने रक्त बनवणंच सोडून दिलं होतं. प्लेटलेट्स नसल्या की नुसतं धडपडण्याचंही भय; आतल्या आत रक्त वाहायचं. वडील वारलेले. आई अबोल, हृदयाच्या आजाराने थकलेली, दिवसरात्र उशाशी. जंतुसंसर्गाच्या धास्तीने आत एकाच माणसाला मुभा होती. बाहेरून डबा, कपडे कोण पाठवतं, हे वॉर्डात कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरचा आणि चिमटीचा रक्तगट एकच. त्याची पिशवी भरली की ही स्वतः ती वर घेऊन जायची. रक्त कुणाचं कुणाला गेलं हे दात्याला सांगायचं नसतं. पहिल्याच महिन्यात शिकवतात ते. पण प्रेमात पडलेल्या माणसाला काहीतरी द्यावंसं वाटतं, आणि तिच्यापाशी द्यायला दुसरं होतं काय? एका दुपारी ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “तुझी पिशवी वरच्या एका चिमुरडीला जाते. सगळ्यांना चिमटे काढते ती. परवा तुझ्यामुळे उठून बसली.”

त्याचे डोळे भरून आले. किती हळवा माणूस, तिला वाटलं. त्या दिवशी तो तिला सोडायला बसथांब्यापर्यंत आला. एकाच छत्रीत दोघं, दोघांचाही एकेक खांदा भिजलेला. पुढच्या महिन्यात घरी येऊन तुझ्या आईला भेटतो, तो म्हणाला. तिने मान हलवली.

औषधांनी चिमटीला गुण येईना. मोठ्या मॅडमनी ठरवलं, आता मॅरो बदलायचा. भावंडं नव्हती. आईचं हृदय भूल सोसणारं नव्हतं. निम्मा जुळणारा कुणी रक्ताच्या नात्यातला हवा होता. आई पदराशी चाळा करत म्हणाली, “माझा भाऊ आहे. मागाल ते देईल तो.”

दुसऱ्या दिवशी आई भावाला घेऊन आली. दार उघडलं आणि मास्तर आत आला.

तो तिच्याकडे बघून ओशाळं हसला... चोरी पकडली गेल्यासारखं. मॅडम समोर होत्या, चिमटीची आई समोर होती. तिने खाली मान घालून त्याच्या तपासण्या लिहून दिल्या. मॅरो निम्मा जुळत होता, हवा तसा. पण चिमटीच्या रक्तात त्याच्या पेशींविरुद्ध लढणारी फौज आधीच तयार झालेली होती, आणि तीही थोडीथोडकी नव्हे.

जिन्यात तिने त्याला गाठलं. का लपवलंस, एवढंच विचारलं. त्याने सरळ सांगितलं. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या होत्या, पेशंटच्या नातेवाइकांचं रक्त चालत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, नियम आहे. “मला वाटलं, वशिलेबाजी नको म्हणून असेल. वर पोरगी रक्तावाचून तळमळतेय आणि मी खाली हात हलवत बसू? सांगितलं ठोकून, मी कुणाचा कुणी नाही.” मग आवाज खाली गेला. “तुला सांगणारच होतो गं. पण तू म्हणालीस ना, ती माझ्यामुळे उठून बसली... वाटलं, नियमाला काय कळतंय.”

तिला कारण ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं तिने. नात्यातल्याचं रक्त मुलाच्या अंगात गेलं की शरीर त्या पेशी हेरून ठेवतं, आणि पुढे त्याच माणसाचा मॅरो द्यायची वेळ आली की शत्रू समजून मारून टाकतं. इतक्या दुपारी त्याच्या उशाशी बसली, त्याच्या शाळेपासून ते आवडत्या रंगापर्यंत सगळं विचारलं. वॉर्डात तुझं कुणी आहे का, एवढं मात्र विचारलं नाही.

तिने मॅडमना काही राखून न ठेवता सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “चूक आपल्या सगळ्यांची. नियम सांगितला, त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. आईला मी सांगते की मुलीचं शरीर त्याच्या पेशी घेणार नाही. ते खोटं नाही. पण का घेणार नाही, ते त्याला सांगायचं की नाही हे तू ठरव. तू त्याला ओळखतेस.”

आपला मॅरो का चालत नाही, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “शरीराचं असंच असतं. कुणाचं कुणाशी पटतं, कुणाचं नाही.” त्याने विश्वास ठेवला. तिच्यावर त्याचा नेहमीच विश्वास होता.

परका दाता शोधायला पत्रं गेली. चिमटीच्या रक्तातून ती फौज काढून टाकायचे उपाय सुरू झाले. तेवढ्यात तिच्या फुप्फुसात बुरशी धरली. शेवटच्या दिवसांत सुई टोचली तरी तिने चिमटा काढला नाही, नुसती बघत राहायची. दाता सापडल्याचा निरोप येण्याआधीच ती गेली. वेळेवर मामाचा मॅरो मिळता तर वाचली असती का? कदाचित हो, कदाचित नाही. मॅडम म्हणाल्या, या प्रश्नाचं उत्तर नसतं. पण हिच्या मनाने ‘हो’ असं उत्तर कधीच देऊन टाकलं होतं.

महिना उलटल्यावर मास्तर आला. हॉस्पिटलच्या मागच्या बागेत, बाकावर दोघं बसली. तो वाळून अर्धा झाला होता. बहीण जेवत नाही, बोलत नाही, म्हणाला. मी तिला एकच गोष्ट रोज सांगतो, आणि तेवढी ऐकली की ती दोन घास खाते.

“काय सांगतोस?” तिने विचारलं.

“की आपण काही कमी केलं नाही. माझं रक्त होतं तिच्या अंगात. त्याच्यावरच इतके दिवस काढले तिने. मॅरो नाही जुळला, नशीब... पण तेवढं तरी मामाच्या हातून झालं. ते नसतं ना, तर मी उभा राहिलो नसतो.”

त्याने तिचा हात हातात घेतला. किती दिवसांनी, आणि किती ऊबदार. “घर फार सुनं झालंय गं. तू ये. लग्न करू आपण. थाटमाट नको, काही नको... तू फक्त ये.”

तिचा जीव त्याच्यावर होता. त्याच्या हसण्यावर, त्याच्या ओल्या खांद्यावर, त्या वेड्या नाकावर. ‘हो’ म्हणायला ओठ उघडलेसुद्धा. आणि त्याच क्षणी तिला पुढची सगळी वर्षं दिसली. रोज संध्याकाळी ताटावर बसून तो बहिणीला हेच सांगणार, आणि ही शेजारी बसून वाढणार. एखाद्या दिवशी, भांडणात म्हणा, दुखण्यात म्हणा, तिच्या तोंडून खरं निसटणार. तिला तो माफ करील. स्वतःला करायचा नाही. बहिणीकडे पुन्हा मान वर करून बघायचा नाही. ते समाधान काढून घेतलं तर या माणसापाशी उरतं काय?

तिने हात सोडवून घेतला.

“नाही जमायचं,” ती म्हणाली.

“का? आई नको म्हणते?”

“नाही.”

“मग? बोल ना. माझं काही चुकलं का?”

हा प्रश्न त्याने पुन्हा कधीही स्वतःला विचारता कामा नये. त्याला दुसरं उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते असं हवं होतं की राग सगळा तिच्यावर यावा.

“तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “माझ्या मनात तसं काही नव्हतंच.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “मग त्या दुपारी? ते शेजारी येऊन बसणं... ती छत्री...?”

“प्लेटलेट्स देणारे सहजासहजी मिळत नाहीत,” तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. “आम्हाला दाते धरून ठेवावे लागतात.”

त्याचा चेहरा आधी काही न कळल्यासारखा झाला, मग कळल्यासारखा. तो उठला. मागे न बघता फाटकातून बाहेर पडला. त्याने तिच्या याही बोलण्यावर विश्वास ठेवला. ती थोडा वेळ बाकावरच बसली. मग वॉर्डातून फोन आला, नवीन मुलगा दाखल झालाय, त्याचे आईवडील डॉक्टरांची वाट बघतायत. तिने तोंडावर पाणी मारलं आणि वर गेली.