जाण्याआधीच परत आलेली होडी

घरातल्या मोठ्या माणसांना आज एक कोडं घाला. बारा तारखेला समुद्रात गेलेली होडी त्याच महिन्याच्या आठ तारखेला परत आली. कशी? मोठी माणसं जरा डोकं खाजवतील आणि मग "काहीतरीच काय!" म्हणून तुम्हाला अभ्यासाला पिटाळतील. पण शिरोंडे बंदरातल्या संगणकाने ही गोष्ट मुकाट मान्य केली होती, आणि त्यापायी नेत्रा कुबलच्या बाबांचा जीव धोक्यात आला होता.

शिरोंडे हे कोकणातलं मासेमारीचं लहानसं बंदर. गोष्ट आजपासून वीसेक वर्षांनंतरची. बंदरावरच्या नौकारक्षण केंद्रात टेहळ्या नावाचा यंत्रमानव होता. होडी निघताना त्याच्या पडद्यावर माहिती भरायची. परतीच्या तारखेला सूर्य बुडेपर्यंत होडी आली नाही, की टेहळ्या भोंगा वाजवायचा आणि शोधायला ड्रोन धाडायचा. व्यवस्था झकास होती.

अठरा तारखेच्या सकाळी वादळाचा इशारा आला, तेव्हा बारा वर्षांची नेत्रा आपल्या आजोला घेऊन धापा टाकत केंद्रात शिरली. आजो म्हणजे तिचे आजोबा.

"सर्व नौका सुखरूप परतल्या आहेत," टेहळ्या म्हणाला.

"सगळ्यो? मगे आमची सोनसळ खंय आसा? बाबा काल येवचे होते. अजून इले नाय."

"सोनसळची फेरी संपली आहे."

"संपली म्हंजे? बंदरात होडी नाय, घरात बाबा नाय!"

"सोनसळची फेरी संपली आहे," टेहळ्या त्याच सुरात म्हणाला. संगणक हुशार असतो असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्या शहाण्याला एकदा माझ्याकडे पाठवा.

नेत्रा हलली नाही. तिने काउंटरवर अशी थाप मारली, की आतल्या खोलीतून इरावती सबनीस बाहेर आली. ही केंद्राची संगणकतज्ज्ञ. तिने सोनसळची माहिती पडद्यावर उघडली. निघण्याची तारीख बारा, परतीची तारीख आठ.

"हे कोणी भरलं?"

"मी," आजो म्हणाला. "अष्टमीक येतलो म्हणान माझो झील, नेत्राचो बापूस, सांगान गेलो. म्हणान आठ घातलंय."

"आजोबा, तिथे तारीख लिहायची असते, तिथी नाही."

"दर्याक तारीख खंय कळता? भरती-ओहोटी चंद्राच्या तालार चलता. आमी सगळे तिथीच मोजतंव."

आता कोडं सुटलं. टेहळ्या आठ तारखेची वाट बघणार होता, पण होडी निघाली तेव्हाच ती तारीख उलटून गेलेली. मग भोंगा वाजणार कधी? टेहळ्याने ती फेरी जुनी समजून अडगळीत टाकली. होडीवरची यंत्रं बंद पडली तरी त्याला पत्ता नव्हता, कारण संपलेल्या फेरीकडे तो बघतच नसे.

इरावतीने आठ खोडून सतरा घातले, कारण अष्टमी सतरा तारखेला होती. त्याच क्षणी भोंगा किंचाळला आणि ड्रोन उडाला.

"दुपारपर्यंतच उडता येईल," इरावती म्हणाली. "पुढे वारा त्याला टिकू देणार नाही. तू बस जरा."

नेत्राला रडू येत होतं. तिने ते गिळलं. "बसान काय करू? ताई, ह्यां परत होवक नये. माका दाखय, ह्यो आत काय करता तो."

इरावतीने तिच्याकडे पाहिलं आणि दुसरी खुर्ची ओढली.

"संगणकात प्रत्येक होडीचा एक ऑब्जेक्ट असतो (म्हणजे एका वस्तूबद्दलची सगळी माहिती एकत्र बांधलेली पुरचुंडी). त्या पुरचुंडीत गुणधर्म असतात (म्हणजे नाव, खलाशी किती, निघणार कधी, येणार कधी). टेहळ्या ही माहिती जशी मिळाली तशी गिळतो. आपण त्याला व्हॅलिडेशन शिकवायचं (म्हणजे माहिती आत घेण्याआधी ती नियमांत बसते का, ते तपासायचं)."

"म्हंजे बर्फात घालूच्या आधी कुसलेलो मासो काढतत, तसा?"

"अगदी तसंच. काही नियम एकेकट्या गुणधर्माचे असतात. खलाशांची संख्या शून्य चालणार नाही, हा एक. काही नियमांत दोन गुणधर्म एकमेकांशेजारी ठेवून बघावे लागतात. आपली चूक तिथे आहे. नुसता आठ हा आकडा चुकीचा नाही, बाराही नाही. पण दोघांची जोडी अशक्य आहे."

"मगे नियम सोपो आसा," नेत्रा म्हणाली. "परतीचो आकडो निघूच्या आकड्यापेक्षा मोठो होयो."

इरावतीने तो नियम तसाच लिहिला आणि बंदरातल्या सगळ्या होड्यांवर चालवला. पडदा लालेलाल झाला. त्यातल्या कितीतरी होड्या तर खिडकीतून समोर उभ्या दिसत होत्या!

नेत्रा पडद्याला नाक लावून बघत राहिली. एक होडी तीस तारखेला गेली होती आणि दोनला आली होती.

"अरे देवा! म्हयनो बदललो. नुसतो आकडो नको, म्हयन्यासकट अख्खी तारीख बघूक होयी."

"नियम ढिला असला तर खोटं आत शिरतं, आणि चुकीचा असला तर खरं बाहेर राहतं," इरावती म्हणाली. नियम बदलला. लाल रंग भराभर पुसला गेला, पण एक ओळ लालच राहिली. होडी निशाण, निघण्याची तारीख अकरा, परतीची सात.

आजो ताडकन उठला. "सप्तमी! म्हंजे परवाच येवचे होते. भिवा आणि रवळू खंय दिसले नाय ह्यां माझ्या ध्यानातच इला नाय!"

भिवा आणि रवळू हे दोघे भाऊ. त्यांना ना घर ना दार, होडीतच राहायचे. किनाऱ्यावर कोणाला कळवायचं, हा त्यांचा रकाना कोरा होता. त्यांच्यासाठी काउंटरवर थाप मारायला कोणीही येणार नव्हतं.

दुसरा ड्रोन उडाला. त्यानंतरची वेळ फार वाईट गेली. आजो तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. नेत्रा मात्र नियमामागून नियम लिहून घेत होती, कारण हात थांबले की तिला भीती वाटायची.

सोनसळ सापडली. इंजिन बंद पडून ती खडकांकडे वाहत चालली होती. गस्तीच्या बोटीने तिला ओढून आणलं. बाबा धक्क्यावर उतरले, तेव्हा कुठे नेत्रा रडली, आणि पोटभर रडली. निशाण अर्धी बुडाली होती. वाऱ्यामुळे ड्रोन परत बोलावणार, तेवढ्यात त्याला तिच्या काठाला धरून राहिलेले दोघे भाऊ दिसले.

नवे नियम लागू झाले, तेव्हा आजोने मुद्दाम परीक्षा घेतली. परतीच्या रकान्यात आठ घातले.

"ही तारीख निघण्याच्या आधीची आहे," टेहळ्या म्हणाला. "तुम्हाला अष्टमी म्हणायचं आहे का? तसं असेल तर ती निवडा, तारीख मी शोधतो."

"आता तुका अक्कल इली," आजो खूश होऊन म्हणाला. नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही, काय चुकलं तेही सांगावं लागतं, हा नियम नेत्राचा होता. इरावतीने आता हे सगळं किनाऱ्यावरच्या इतर बंदरांनाही पाठवायला घेतलं होतं.

निशाण दुरुस्त झाली आणि भिवा-रवळू फेरीची माहिती भरायला आले. नाव, खलाशी, दोन्ही तारखा, सगळं बिनचूक. तरी टेहळ्या त्यांना पुढे जाऊ देईना.

"किनाऱ्यावर कोणाला कळवायचं? हा रकाना कोरा चालत नाही."

रवळूने भावाकडे पाहिलं. "आमका कोण आसा? टाक काय तरी, नायतर रव्हांदे कोरो."

"कोरो रव्हाचो नाय," नेत्रा म्हणाली. "नियम आसा."

तिने पडदा आपल्याकडे वळवला आणि त्या रकान्यात लिहिलं: नेत्रा कुबल.

टेहळ्याचा हिरवा दिवा लागला.