चुन्याची रेघ

बोरी बुद्रुकच्या देवळात हरिनाम सप्ताह चालू होता. रात्रीच्या विण्याचा पहारा बदलायला अवकाश होता आणि पाळीची वाट पाहणारी पोरे सावळारामआबांना खेटून बसली होती.

"आबा, भुताचं सांगा राव. झोप लई यायलीय," भागू म्हणाला.

आबा हसले नाहीत. त्यांनी विण्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "भूत होतं की नव्हतं, ते देव जाणे. रविंद्रनं स्वतः मला सांगितलं तेवढंच सांगतो."

बेल्ह्याच्या बाहेर, आणे घाटाच्या रस्त्याला पोपट मिस्तरींचे गॅरेज आहे. पोपट चैत्रात वारले. तेव्हापासून त्यांचा मुलगा रविंद्र ते चालवत होता. बापाला अग्नी दिला तेव्हा तो रडला नाही. नंतरही नाही. हात काम करीत, तोंड गिऱ्हाइकाशी बोलत असे. पण आत काही हलत नव्हते. गरम सायलेन्सरला बोट लागले तरी ते त्याला उशिरा कळे.

गोष्ट मार्गशीर्षातल्या सोमवती अमावास्येची, सन दोन हजार चोवीस, डिसेंबरची तीस तारीख. दिवस मावळताना बेल्ह्याचे धान्याचे व्यापारी रमणलाल यांचा मुलगा जिनेश आपली मोठी गाडी घेऊन आला. साठच्या वर वेग गेला की गाडीची पायांखालची फळी थरथरे. टायर बदलून झाले होते, चाकांचे बॅलन्सिंग झाले होते. थरथर होती तशीच होती.

"रवीभाऊ, पहाटे आईला डायलिसिसला पुण्याला न्यायचंय," जिनेश म्हणाला. "दुसरी गाडी मिळत नाही. गाडी देण्याजोगी असेल तरच द्या. नसेल तर तसं सांगा, मी रात्रीत दुसरी सोय बघतो."

रविंद्र गाडीखाली गेला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट त्याने हाताने हलवून पाहिला. सांध्यातला क्रॉस झिजून खुळखुळत होता. त्याने चार बोल्ट काढले, शाफ्ट उतरवला, नवा क्रॉस ठोकून बसवला आणि शाफ्ट परत चढवला.

येथेच त्याची चूक झाली.

पोपट मिस्तरी शाफ्टला पाना लावण्याआधी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेत आणि शाफ्ट नि मागची तबकडी जिथे जुळतात तिथे एक आडवी रेघ ओढत. चार बोल्टांवर शाफ्ट चार तऱ्हांनी बसतो. जुना ठाव एकच; तो चुकला की शाफ्टचा तोल जातो आणि गाडी थरथरते. रेघ रेघेला मिळाली की तो ठाव सापडतो. बाप गेल्यावर रविंद्रने डबी बुद्धमूर्तीशेजारी बापाच्या फोटोपुढे ठेवली. तंबाखूला तो शिवत नसे. डबीबरोबर रेघही गेली. तिच्या जागी साधा खडू घ्यावा, एवढेही त्याच्या मनात आले नाही.

"खूण केली होती ना?" जिनेशने विचारले. "पोपटकाका खुणेवाचून बोल्टला हात लावत नव्हते."

"केलीय की," रविंद्र म्हणाला.

खोटे बोलताना त्याला काहीच वाटले नाही.

रात्री साडेअकराला दोघे ट्रायलला निघाले. जिनेश चालवत होता. रविंद्र शेजारी. रस्ता मोकळा होता. घाटाच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर वेग साठला गेला.

"अजून थरथरतंय का हो?"

रविंद्रने वाकून तळहात फळीवर ठेवला. हाताला काही कळेना. लाकूड झाला होता हात.

"न्हाई. इंजिनचं आसंल ते. जाऊ द्या पहाटं बिनघोर."

आणि मागून आवाज आला.

थप्... थप्.

उघड्या पत्र्यावर तळहात मारल्यासारखा. दोनदा.

जिनेशचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. तो समोर पाहत राहिला. रविंद्रही समोरच पाहत राहिला.

ट्रायलला पोपट मागे बसत. तळहात फळीला लावून. दोन थापा म्हणजे, थांब.

हे दोघांनाही ठाऊक होते.

"रवीभाऊ..."



"मागं कोण आहे?" जिनेशने विचारले.

रविंद्रने मागे पाहिले नाही. तो उतरला. बॅटरी आणि पाना घेतला. गाडीखाली सरकला.

शाफ्टवर पांढरी रेघ होती.

तबकडीवरही होती.

दोन्ही ओल्या.

एक वर... एक खाली. तोंडे फिरवून बसल्यासारख्या.

तो पडून राहिला. वरून जिनेश हाक मारत होता.

"जिनेशशेठ... खूण म्या केलीच नव्हती. खोटं बोललो तुमाला."

जिनेशने वाकून बॅटरी धरली. रविंद्रने बोल्ट काढले, शाफ्ट अर्धा फिरवला, रेघेला रेघ मिळवली आणि बोल्ट आवळले.

साठ. सत्तर. ऐंशी. गाडी पाण्यासारखी गेली. मागून आवाज नाही.

पहाटे जिनेशची आई सज्जनबाई त्याच गाडीतून पुण्याला गेल्या आणि संध्याकाळी सुखरूप परतल्या.

आबा थांबले. भागूने पाय जवळ ओढून घेतले.

"पण आबा, रेघ तर बोल्ट काढायच्या आधी वढावी लागती ना? मंग ती..."

"हो," आबा म्हणाले. "आधीच ओढावी लागते."

रविंद्र त्या रात्री घरी आला. आई, द्रौपदा, झोपली होती. फोटोपुढची डबी जागची हलली नव्हती. झाकणावर चैत्रापासूनची धूळ तशीच होती, बोटाचा ठसा नव्हता. आतला चुना एव्हाना वाळून दगड झाला असणार.

त्याने झाकण उघडले.

चुना ओला होता. आणि मधोमध... बोट फिरवल्याची रेघ.