कुंपणाच्या कोपऱ्यावरचं आयराण

पहिली चौकट

झीपाराने डोळे मिटले, पाठ वळवली आणि तारेची चौकट खांद्यावरून मागे भिरकावली. मीटरभर लांब, मीटरभर रुंद. पडेल तिथली गवतं मोजायची. उघड्या डोळ्यांनी फेकली तर हात आवडत्या जागेकडेच वळतो, असं बिश्केकचे तिचे मास्तर सांगायचे.

चौकट पडल्याचा आवाजच आला नाही.

ती वळली. कुंपणापलीकडे, फुलांनी पांढऱ्या झालेल्या जर्दाळूखाली एक तरुण पाटाचं पाणी वळवत होता. हातात फावडं, आणि चौकट खांद्यावर अडकलेली...

"मोजा आता," तो शांतपणे म्हणाला. "माझ्यात किती जाती निघतात बघू."

"एकच. तण."

"तण सगळ्यात चिवट असतं, बाई. तेही लिहा."

तिने वही उघडली आणि खरंच लिहिलं. पानावर दोन पाकळ्या पडल्या, त्या तिने झटकल्या नाहीत.

तिसरी चौकट (दुसरीत नुसते दगड)

त्याचं नाव कुबात. बाग त्याच्या वडिलांची. सायबेरियात आठ वर्षं विटा रचून ते परत आले, सात वर्षांपूर्वी गावामागच्या मोकळ्या जमिनीला कुंपण घातलं, रोपं लावली आणि पहिलं फळ धरायच्या आत गेले. आता घरात तो आणि आई, साल्कीन आपा.

झीपाराकडे गावाचा १९७८ सालचा नकाशा होता. तेव्हा काय होतं आणि आता काय आहे, एवढंच तिला कॉलेजच्या प्रकल्पात मांडायचं होतं. तेव्हा गहू, आता जर्दाळू. तेव्हा कुरण, आता पर्यटकांचे तंबू. आणि गुरांची वाट? वसंतात कळप वरच्या कुरणांवर चढायचे, शरदात उतरायचे, ती तीस पावलं रुंद वाट — ती आता नव्हतीच. कळप डांबरी रस्त्याने जात. गेल्या शरदात एक ट्रक कळपात घुसला. तीन घोड्या गेल्या, आणि कळप हाकणाऱ्या तुर्गानअली आबांचा उजवा पाय. झीपारा त्यांच्याच घरी उतरली होती. रोज सकाळी कुबडीचा आवाज ऐकून उठायची.

महिनाअखेरीला गावाची कुरणसभा भरणार होती. जुनी वाट कुठून जात होती ते झीपाराने सांगायचं, आणि मग ती मोकळी करायची, असं ठरलं होतं.

पाचवी, सहावी, सातवी

कुबात रोज यायचा. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच, असं त्याचं म्हणणं. पट्टी ताणलेली असताना तो हलकेच एक झटका द्यायचा... चाळीस मीटरवरून. ती वर बघायची नाही. दुसरा झटका. मग बघायची.

"वारा होता," तो म्हणायचा.

"वाऱ्याचे दात दिसतायत," ती म्हणायची.

आठवी

बागेच्या आत, झाडांखाली, हरमळ. पुढच्या फेकीला हरमळ. त्याच्या पुढच्यालाही. गुरांनी वर्षानुवर्षं तुडवलेल्या मातीत ही वनस्पती मूळ धरते आणि मग पाणी पाजूनही मरत नाही. गावात दृष्ट काढायला तिचाच धूर करतात. झीपाराने हरमळीच्या पट्ट्याची रुंदी मोजली. तीस पावलं.

त्या दिवशी पट्टीला झटका आला तेव्हा तिच्याच्याने वर बघवलं नाही.

घरी येऊन तिने नकाशा पसरला. वाटेची रेघ गावापासून निघून बागेपर्यंत येत होती, आणि नेमकी तिथेच घडीवर कागद झिजून भोक पडलं होतं. भोकापलीकडे रेघ पुन्हा सुरू. कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. तिने आपल्या नव्या नकाशात दोन्हीकडून पेन्सिल आणली आणि मधे जागा सोडली.

नववी ते अकरावी :

(कोरी)

बारावी — गवत नाही, माणसं

कळप निघायचा दिवस. साल्कीन आपा आयराणाची, म्हणजे खारट ताकाची, बादली घेऊन निघाल्या. झीपाराने बादली धरायला हात पुढे केला.

"नको, पोरी. वाटेवरच्यांना घरच्या बाईनंच द्यायचं असतं. पाहुणीनं नाही."

गावातल्या बाकीच्या बाया डांबरी रस्त्यावर उभ्या होत्या. आपा मात्र बागेच्या वरच्या कोपऱ्यात गेल्या, कुंपणाला पाठ टेकून, हातात वाडगा धरून उभ्या राहिल्या. खाली दूरवर ट्रकांचे भोंगे आणि मेंढ्यांचा आवाज. इकडे कुणीच येणार नव्हतं. दुपार झाली. आपांनी वाडगा बादलीवर झाकला आणि घरी गेल्या.

"दरवर्षी," कुबात मागून म्हणाला. "बाबा होते तेव्हाही. ते आत जाऊन बसायचे, बाहेर बघायचे नाहीत."

झीपारा त्याच्याकडे वळली.

"तुझा नकाशा बघितला मी, आबांकडे. वाट अर्धी का सोडलीस?"

"जुना फाटलाय तिथं."

"नकाशा फाटलाय. हरमळ तू मोजलीस की."

ती नखाने कुंपणाच्या खांबाची साल काढत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या वडिलांनी आणखी काय मागे ठेवलंय, कुबात? ही झाडंच ना..."

"हो. आणि मुळं धरेपर्यंत मी खांद्यावरून पाणी आणलंय." त्याने झाडांकडे बघितलं. "तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस. कुणी इतकं केलं नव्हतं माझ्यासाठी... पण आज माझ्यासाठी खोटं लिहिशील, तर उद्या मला खरं कधी सांगशील?"

ती वळून चालायला लागली. त्याने थांबवलं नाही.

सभेत तिने मधली जागा शाईने भरली. रेघ जराशी वाकडी आली. कुणीतरी विचारलं, पुरावा काय? तिने हरमळीचे आकडे वाचायला वही उघडली, पण त्याआधीच मागच्या रांगेतून कुबात उठला.

"माझी आई उभी राहते ना, तिथूनच," तो म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे."

खरंच सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे खाली बघत राहिले. तुर्गानअली आबांनी कुबडी एकदा जमिनीवर टेकवली, आणि विषय संपला. फळं उतरली की वाटेतली झाडं काढायची, असं कुबातनेच सांगितलं. दुसऱ्या सकाळी झीपारा बिश्केकला निघाली तेव्हा बसथांब्यावर कुणी नव्हतं.

शेवटची

सप्टेंबर. प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला होता, पण ते सांगायला ती आली नव्हती. कशाला आली होती, ते बसमध्ये पाच तास तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बागेच्या मधोमध तीस पावलं रुंद उजेड होता. बुंधे जमिनीलगत कापलेले, काप अजून पिवळे. कुबात एका बुंध्यावर बसला होता. वाळला होता जरा. तिला बघून उठला नाही, नुसता सरकला आणि बाजूला जागा केली.

"दुखलं?" तिने विचारलं.

"पहिलं झाड कापताना. मग आईनं कुऱ्हाड घेतली." तो थांबला. "तू लिहिलेलं ते... तण. अजून आहे का वहीत?"

तिने वही काढून पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. वाळलेल्या दोन पाकळ्या तशाच होत्या. त्याने वही बंद केली आणि परत दिली नाही. तिचा हातही परत दिला नाही.

मग वरून धूळ उठली. घंटा, खूर, कुत्री — कळप उतरत होते. सात वर्षांनी, जुन्या वाटेने. साल्कीन आपा कोपऱ्यावर होत्या. पहिला घोडेस्वार जवळ आला तसा त्यांनी वाडगा भरला, आणि देता देता थांबल्या. मागे वळून झीपाराकडे बघितलं.

"बसलीस काय?" त्या म्हणाल्या. "माणसं तहानलीयत."

आणि वाडगा तिच्या हातात दिला.