लोयझे आजोबांचे चार लाख प्रेक्षक

"नवा कोच शोधा. मी पर्थला लेकीकडे चाललो," असं गेटवरूनच सांगून लोयझे आजोबांनी दार लावून घेतलं.

सावनी, तिचा धाकटा भाऊ राघव आणि शेजारची अस्मिता चेंडू घेऊन तशीच उभी राहिली. सुट्टीभर रोज सराव करायचा बेत होता. आता कसला सराव नि कसलं काय!

लोयझे आजोबा एके काळी स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. पण ऑस्ट्रेलियातल्या या क्वेकर्स हिल उपनगरात हे ठाऊक कुणाला? इथे ते टोमॅटो लावणारे, पोरांना फुकट फुटबॉल शिकवणारे शेजारी, बस्स. आठवड्यापासून मात्र त्यांच्या दारात अनोळखी माणसांची रीघ लागली होती. कुणी सेल्फी मागतंय, कुणी कुंपणावरून डोकावतंय. बिचारे हैराण झाले होते.

तिघांनी दुपारभर पाळत ठेवली. एक गोष्ट सावनीला खटकली. आलेला जो तो, अगदी लाल दाढीवाला ऑस्ट्रेलियनसुद्धा, "आजोबा" अशीच हाक मारत होता.

"त्यांना आजोबा तर फक्त आपण म्हणतो," ती म्हणाली.

"सो इट्स अस?" राघवचा चेहरा उतरला.

संशय बाबांवरच गेला. दिसेल ते शूट करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची त्यांना भारी खोड. पण विचारलं तर बाबा कानावर हात ठेवून मोकळे. आपण नेटवर काही टाकत नाही म्हणे, फक्त घरच्यांना पाठवतो! मग सावनीने ग्रुपवर हळूच लिहिलं, की बाबांनी पाठवलेला आमच्या सरावाचा व्हिडिओ कुणालाच आवडला नाही म्हणून ते खट्टू झालेत. पाच मिनिटांत पुण्याच्या नचिकेतदादाने फुशारकी मारली: व्हिडिओ त्याने नेटवर टाकलाय, चार लाख लोकांनी पाहिलाय! त्यात पोरं "आजोबा, पास!" म्हणून ओरडत होती, आणि मागच्या कचऱ्याच्या डब्यावर घराचा नंबर नि रस्त्याचं नाव ठळक रंगवलेलं दिसत होतं.

बाबांनी कपाळावर हात मारला. मुलांसोबत माफी मागायला तेही आजोबांकडे गेले.

आजोबा रागावले नाहीत. खाली बघत म्हणाले, "शेवटची पेनल्टी मी हुकवली होती. सगळा देश बघत होता. हे लोक मला हसायला येतात."

सावनीने पुढे होऊन तो व्हिडिओ उघडला. त्याखाली कितीतरी स्लोव्हेनियन लोकांनी आजोबांना ओळखून लिहिलं होतं. तिने फोनवर भाषांतर करून एक वाचलं, "लोयझे, त्या दिवशी पेनल्टी घ्यायला कुणी पुढे होईना. तू झालास. माझे वडील शेवटपर्यंत हेच सांगायचे."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला. "आणखी वाच," म्हणाले. तिने तासभर वाचलं. अस्मिताने ते सगळे अभिप्राय जपून ठेवल्यावर नचिकेतदादाने व्हिडिओ नेटवरून काढून टाकला.

"मी उगाच हात झटकून मोकळा झालो होतो. पोरांनी शोधलं आणि पोरांनीच सावरलं," बाबा आजोबांना म्हणाले.

आजोबांचं लक्ष कुठे होतं? ते सावनीला सांगत होते, "त्या वडिलांच्या मुलाला आधी कळव. म्हणावं, मी अजून खेळतो. माझ्या संघात तीन पोरं आहेत, त्यांना सोडून कुठे जाऊ?"